आधी मयत बघायचं

“तुमच्यातलं काहीतरी घे की,” सर म्हणाले आणि माझा कागद त्यांनी टेबलावरून माझ्याकडं परत सरकवला.

या गोष्टीला आता कैक वर्षं झाली. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. मी एम.ए. होऊन कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तासावर इतिहास शिकवत होते, आणि एम.फिल. झाल्याशिवाय माझा कायम नोकरीचा अर्ज कुणी हातातसुद्धा धरणार नव्हतं. म्हणून विषयाचा कागद घेऊन मी सरांकडं गेले होते. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. कागदावर लिहिलं होतं: ऱ्हाइन नदीकाठचं एक मध्ययुगीन सरदार घराणं, त्याचा इतिहास आणि त्याच्या शाखा. त्या घराण्याचं नाव इथं देत नाही. सरांचं देत नाही, कॉलेजचंही देत नाही. नावांचा मला वीट आलाय. आमच्याकडं नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की गाव, आणि गाव सांगितलं की गावात घर कुठल्या बाजूला ते.

आणि हा ‘तुमच्यात’. ज्यांना हा शब्द कधी ऐकावा लागला नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्यात लग्नाला भटजी असतो का, तुमच्यात दिवाळी करतात का, तुमच्यात मटणाला वाटण कसलं घालतात. विचारणारा जात हा शब्द उच्चारत नाही, त्याचं तोंड स्वच्छ राहतं, आणि आपल्याला कळायचं ते कळतं. आमच्या आजोबांच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला, माझ्या वडिलांनी सरकारी नोकरी केली, मी वर्गात पहिली आले. तरी ‘तुमच्यात’ काही सुटला नाही.

“सर,” मी म्हटलं, “तुमची पीएच.डी. डच व्यापाऱ्यांवर हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग तुमच्यात डच कोण हुतं?”

शेजारच्या टेबलावरचे एक प्राध्यापक पेपर तपासत होते, ते फिसकन हसले. सरांचे कान लाल झाले. “तोंड लई चालतंय तुझं,” ते म्हणाले. “मी तुझ्या भल्याचं सांगतोय. वस्तीवर काम कर, धर्मांतरावर काम कर. तुला अधिकार हाय त्याचा. लोक कौतुक करतील. त्या गोऱ्या सरदारांचं तुला काय कळणार?”

“मी हेच करतो, सर,” मी म्हटलं. आम्ही कोल्हापूरच्या मुली ‘करतो’, ‘आलो’, ‘गेलो’ असंच बोलतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तीन आठवडे मी रोज त्यांच्या दारात उभी राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी सही केली आणि म्हणाले, “कर. पण माझ्याकडं रडत यायचं न्हाय.” मी रडत गेले नाही. रागानं गेले ती शेवटपर्यंत रागानंच गेले.

वस्तीवर काम करण्यात कमीपणा आहे असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आताही वाटत नाही. माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी ते फार चांगलं केलं. पण माझं मन त्या घराण्यावर बसलं होतं, त्याला काय करायचं? कॉलेजच्या ग्रंथालयात तळाच्या फडताळात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. कुणीतरी देणगी दिलेलं. छापखान्यातून एकमेकांना जोडून आलेली पानंसुद्धा कापलेली नव्हती, म्हणजे कोल्हापुरात येऊन इतकी वर्षं झाली तरी ते कुणी वाचलेलंच नाही. मी ग्रंथपालांच्या परवानगीनं दाढीचं ब्लेड घेऊन एकेक पान कापत बसले. शेवटी एक घडी घातलेला मोठा कागद होता. उलगडला तर सबंध टेबल भरलं. त्या घराण्याचं झाड. वर एक नाव, खाली तीन फांद्या, त्यांना पुन्हा फांद्या, आणि पाचशे वर्षांची माणसं बारीक अक्षरात लटकलेली. मी ते बघितलं आणि मला आमचं घरच दिसलं.

कारण माझे वडील हेच काम करायचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये ते कारकून होते. त्यांना मोडी वाचता यायची. जमिनीचा वाद कोर्टात गेला की वंशावळ लागते: मूळ पुरुष कोण, त्याला मुलं किती, कोण वारलं, कुणाला वारस नाही. मलकापूरकडची, चंदगडकडची माणसं एस.टी.नं यायची आणि कचेरीत आबांना शोधत फिरायची. “पावणं, आमचं झाड तेवढं काढून द्या की,” म्हणायची. आबा जुन्या नोंदी काढून चार चार दिवस त्यांचं झाड मांडायचे. स्वतःच्या आज्याला ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांचा खापरपणजा आबांनी त्यांना शोधून दिला.

एकदा मलकापूरकडचा एक शेतकरी राहिलेला कागद न्यायला आमच्या घरी आला. आईनं पाण्याचा तांब्या दिला. “नको, आत्ताच पिऊन आलो,” तो म्हणाला. उन्हाळ्याचे दिवस, माणूस स्टँडवरून चालत आलेला, ओठ वाळलेले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आबांनी मात्र शांतपणे कागद उलगडला आणि त्याला त्याचे पूर्वज दाखवले. तो गेल्यावर मी आबांना म्हटलं, “तोंडावर फेकायचा हुता कागद.” आबा म्हणाले, “कागदानं काय केलंय?” मला ते अजिबात पटलं नाही.

तर ते घराणं. त्याचा मूळ पुरुष एका बिशपच्या पागेवरचा माणूस होता. घोडी सांभाळायची, बिशप निघाला की पुढं धावायचं. बिशपनं नदीच्या उतारावर एक दगडी बुरूज राखायला दिला, तिथं याचं बस्तान बसलं. त्याच्या नातवांनी वाटण्या केल्या. थोरल्यानं टेकडीवरचा बुरूज घेतला, ती वरल्या गढीची शाखा. मधला नदीपलीकडं गेला, एका एकुलत्या एक मुलीशी लग्न करून तिच्या बापाची ढाल आणि निशाण आपलं म्हणून मिरवायला लागला, ती पलीकडची शाखा. धाकट्याला खाली पुलाजवळची जागा मिळाली, ती खालल्या गढीची. पुढं हीच धाकटी शाखा सगळ्यांत माजली. पुलावरची वसुली तिच्या हातात, त्यामुळं पैसा तिच्याकडं आणि पैशामागून किताब तिच्याकडं. चर्चमध्ये वरल्या गढीच्या लोकांना तिनं मागच्या बाकावर बसवलं. आणि दोनतीनशे वर्षांनी एक भाडोत्री पंडित बसवून घराण्याचा इतिहास लिहून घेतला, त्यात मूळ पुरुष कोण? तर रोमचा कुणी सिनेटर! पाग गेली, घोडी गेली, लीद गेली. वाचताना मी ग्रंथालयात मोठ्यानं हसले. आपल्याकडं अशी झाडं चढवून घेणारी माणसं मला माहीत आहेत. नावं सांगत नाही, उगीच दगड यायचे.

पण एका ठिकाणी मी अडकले. खालल्या गढीचा जो पहिला मोठा माणूस, तो झाडात फार वर्षं जगत होता. एका कागदात त्याची विधवा त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मठाला पाणचक्कीचं उत्पन्न देते. त्यानंतर अकरा वर्षांनी त्याच नावाचा माणूस पुलाचा ताबा घेतो. पुस्तकाच्या विद्वान संपादकानं तळटीप दिली होती की विधवेच्या कागदावरची तारीख नकलणाऱ्यानं चुकवली असावी. मी दोन महिने तीच तळटीप घोटत होते.

एका रविवारी मी तो मोठा कागद घरी आणला. आबांनी चष्मा लावला, इंग्रजी नावं एकेक अक्षर लावून वाचली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ह्याची मयत कुठं हाय?”

मी विधवेचा कागद सांगितला, पुलाचा सांगितला, तळटीप सांगितली. आबा हसले.

“अगं, कारकून तारीख चुकवंल. पण बाई जित्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध घालंल व्हय? ही दोन माणसं हाईत. आज्याचं नाव नातवाला ठेवलंय. आमच्याकडं दर चौथ्या फायलीत हाय हे.”

“मग मधला कुठं गेला? बाप?”

“ते तू शोध. कुणीतरी मुद्दाम आज्या आणि नातू एक केलेत. मधल्यात काय तरी दडवायचं असणार. आधी मयत बघायचं, मग वारस बघायचा, आणि वारस जुळंना झाला की बाईकडं बघायचं. तिच्या माहेरच्या कागदात सापडतंय.”

तीस वर्षांची नोकरी तेवढ्या बोलण्यात होती. मी सगळं सोडून पुस्तकाच्या मागं इंग्रजीत छापलेले जुने कागद एका बाजूनं वाचायला घेतले. चार महिने लागले. शेजारच्या एका मठाच्या कागदांत तो मधला सापडला. त्यानं मठाच्या मुदपाकखान्यातल्या एका बांधील बाईशी लग्न केलं होतं. बाई मठाच्या मालकीची, म्हणून तिची पोरंही मठाच्या मालकीची. पण नवरा बिशपचा बांधील माणूस, म्हणून पोरांवरून बिशप आणि मठ यांच्यात भांडण झालं आणि तडजोड काय निघाली? पोरं वाटून घ्यायची. थोरला बिशपला, धाकटी मठाला. त्या थोरल्याचं नाव तेच, आज्याचं. तोच पुढं पुलाचा मालक झाला. संपादकानं हा कागद ‘कुणा नोकराच्या कुटुंबासंबंधी’ एवढं म्हणून पार शेवटी ढकलला होता. ती माजलेली शाखा, ते किताब, ती चर्चमधली पुढची बाकं, सगळं त्या बाईच्या पोटातून आलेलं, आणि ते पुसायला त्यांनी एक अख्खा माणूस झाडातून उडवला.

मी आबांना वाचून दाखवलं. पोरं वाटून घेतल्याचं त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “तारखा जुळल्या न्हवं?” जुळल्या होत्या. त्यांनी स्वतः एका कोऱ्या कागदावर नवं झाड काढलं, कचेरीत काढतात तसंच, मयताच्या नावापुढं फुली मारून.

प्रबंधात प्रस्तावनेनंतर मी एक पान घातलं. ही चूक कशी सापडली त्याचं पान. मृत्यूची नोंद आधी पाहावी, वारस त्यावरून ताडावा आणि तो न जुळल्यास बाईच्या माहेरचे कागद पाहावेत, ही रीत माझ्या वडिलांनी रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं वापरली आणि तीच मी इथं वापरली आहे, असं त्यात होतं. कच्चं पान आबांना दाखवलं तेव्हा त्यांनी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि ‘तीस’ खोडून ‘एकतीस’ केलं. आईला हाक मारून सांगितलं, “माझं नाव लागणार पुस्तकात.” नाव नव्हतंच, ‘माझे वडील’ एवढंच होतं. पण त्यांना तेवढ्यात सगळं मिळालं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. शुद्ध बोलणारे, अत्तर लावलेले. मी “नमस्कार सर, मी आलो” म्हटलं तर म्हणाले, “आले म्हणा, आले.” पहिल्या वाक्यालाच मला शिकवणी. मग मात्र त्यांनी प्रबंधाचं तोंड भरून कौतुक केलं. हा दुवा इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आला नाही, वगैरे. माझी छाती फुगली. आमचे सर शेजारी बसून ‘मीच विषय सुचवला’ अशा चेहऱ्यानं मान डोलवत होते.

“पण हे पान,” परीक्षक म्हणाले, “हे कचेरीचं, कारकुनी. प्रबंधात शोभत नाही. हे काढा. त्या जागी खरं कारण लिहा. ही दासी तुम्हालाच का दिसली? कारण तुम्ही कोणत्या समाजातून आलात! तुमच्यातल्या मुलीलाच ती व्यथा जाणवू शकते. एक वाक्य घाला तसं. प्रबंधाला उंची येईल.”

व्यथा! मला कुठली व्यथा जाणवली होती? मला तारीख जुळत नव्हती. चार महिने डोळे फोडून, मेलेली माणसं मोजून जे शोधलं ते याच्या लेखी मी जन्मतःच घेऊन आले होते. म्हणजे युरोपवर काम करायचं नाही, कारण तुमच्यातलं नाही. आणि केलंच, चांगलं केलंच, तरी ते तुमच्यातली म्हणूनच जमलं. बाहेर पडायला दारच नाही ठेवलेलं या लोकांनी. आणि वर हा माणूस हसत होता! त्याला मनापासून वाटत होतं की तो माझा सन्मान करतोय.

मी तोंड उघडलं. सरांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. बाहेर आल्यावर म्हणाले, “एक वाक्य हाय फक्त. दुरुस्ती झाल्याशिवाय ते सही करणार न्हाईत. आपल्याकडची जागा निघालीया, अर्जाची मुदत सोमवारपर्यंत हाय. तुला कळतंय न्हवं?”

मला कळत होतं. कायम नोकरी. आबांच्या निवृत्तीला दोन वर्षं, भाऊ अजून शिकतोय, आणि मी तीन वर्षं तासावर. लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून मी सरांना, परीक्षकांना, त्यांच्या अत्तराला मनातल्या मनात आईबहिणीवरून शिव्या दिल्या. इतक्या शिव्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. शिव्या संपल्यावर टायपिंगवाल्याकडं गेले. पान काढलं. वाक्य घातलं: ‘संशोधिका स्वतः शोषित समाजातून आल्यामुळे त्या दासीची व्यथा तिला जाणवली व हा दुवा सापडला.’ परीक्षकांना जसं हवं होतं तसंच. शनिवारी सही मिळाली, सोमवारी अर्ज गेला.

नोकरी लागली. अजून तीच करते. पुढच्या दशकात सर रिटायर होईपर्यंत दरवर्षी नव्या मुलांसमोर माझं ते वाक्य म्हणून दाखवायचे आणि मी शेजारी उभी राहून ऐकून घ्यायचे. आबांच्या रीतीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. ज्यांनी मला ते लिहायला लावलं त्यांच्यावर मी रागावलेली आहे, आणि मरेपर्यंत राहणार. पण टायपिंगवाल्याकडं मी माझ्या पायानं गेले होते. तिथं माझ्या पाठीवर कुणी बंदूक धरली नव्हती.

बांधलेली प्रत मिळाली तेव्हा आबा त्याच वेळी कचेरीतून आले होते. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. त्यांनी हातपाय धुतले, चष्मा पुसला आणि प्रत मांडीवर घेऊन प्रस्तावना उघडली. आई शेजारी येऊन उभी राहिली. “कुठं हाय तुमचं?” तिनं विचारलं. आबांनी पान उलटलं, पुन्हा मागं आले, पुन्हा उलटलं. ते वाक्य त्यांनी वाचलं ते मला त्यांच्या ओठांवरून कळलं. मग त्यांनी जिभेला बोट लावून पानांचे आकडे मोजले, कचेरीत फाईल हातात आली की मोजायचे तसे. सात, आठ, नऊ, दहा. शिवणीत बोट घालून कुठं कागदाचा तुकडा अडकलाय का तेही बघितलं.

“नंबर बरोबर हाईत,” ते म्हणाले. “फाटल्यालं न्हाय.”

त्यांनी प्रत मिटली.

“म्हंजे काढलंय. कुणी काढलं?”

“मी,” मी म्हटलं.